गुप्तरोगाची तपासणी: सगळ्यांनी सगळं तपासावं का?

बेळगावात आज पैसे भरले की लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या आजारांच्या डझनभर तपासण्या एका दमात होतात. माणूस घरी येऊन रक्त नेतो, रिपोर्ट मोबाईलवर येतो. त्याच जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या एखाद्या खेड्यात पहिलटकरणीच्या बोटाला सुई टोचून रक्त घेतात आणि कशासाठी घेतलं असं तिला विचारलं तर ती सांगते, "रक्त कमी आहे का बघायला." तिची एचआयव्ही आणि गरमीची (सिफिलिसची) तपासणी झालेली असते, तिला पत्ता नसतो. शहरात नको त्या तपासण्या हौसेनं होतात, खेड्यात अत्यंत गरजेची तपासणी होते पण तिच्याबद्दल कुणी बोलत नाही.

काही त्रास नसताना अशी तपासणी करून घ्यावी का, हा प्रश्न आपल्याकडे कुणी उघडपणे विचारत नाही. विचारलाच तर उत्तर ठरलेलं, "करून टाका, त्यात काय जातंय?" काही तपासण्यांत खरोखरच काही जात नाही आणि एक जीव वाचतो. काहींत मात्र बरंच जातं. पैसा तर जातोच, कधी ठरलेलं लग्न मोडतं, कधी नांदत्या बाईला माहेरी धाडलं जातं. कुठली तपासणी, कुणासाठी आणि रिपोर्ट आल्यावर पुढं काय, हे तिन्ही कळल्याशिवाय फायदा-तोट्याचा हिशेब लागत नाही.

आधी एक गोष्ट बाजूला काढू. लिंगावर किंवा योनीजवळ जखम, लघवीला जळजळ, पू येणं, जांघेत गाठ, ओटीपोटात सतत दुखणं असा त्रास असेल तर डॉक्टरकडं जायचंच, त्यात वाद नाही. हा लेख काहीही त्रास नसलेल्या माणसांच्या सरसकट तपासणीबद्दल आहे.

अशी तपासणी लागते, कारण यातले बरेच आजार गुपचूप राहतात. पुरुषाला परमा (गनोरिया) झाला तर बहुतेक वेळा जळजळ आणि पू यामुळं लगेच कळतं. बाईला तोच परमा झाला तर अनेकदा काहीच कळत नाही. क्लॅमिडिया तर त्याहून गप्प. हा जंतू लागलेल्या बहुतेक बायकांना आणि निम्म्याच्या आसपास पुरुषांना काही जाणवत नाही. पण बाईच्या गर्भनलिकांना आतून सूज येत राहिली तर पुढं मूल न राहणं, नळीत गर्भ राहणं अशी संकटं येतात. गरमीची पहिली जखम दुखत नाही आणि काही आठवड्यांत आपोआप भरून येते. माणसाला वाटतं बरं झालं. जंतू मात्र अंगात तसाच असतो आणि काही वर्षांनी मेंदूपर्यंत, हृदयापर्यंत पोचू शकतो. एचआयव्ही तर वर्षानुवर्षं काही दाखवत नाही.

पोटातल्या बाळासाठी

सरसकट तपासणीचा सगळ्यात मोठा आणि नि:संशय फायदा गरोदर बाईला आणि तिच्या बाळाला होतो. आईच्या गरमीवर उपचार झाले नाहीत तर निम्म्याहून जास्त गरोदरपणांत काहीतरी वाईट घडतं. मूल पोटात दगावतं, दिवस भरण्याआधी जन्मतं, किंवा आजार घेऊनच येतं. आणि उपाय काय? बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन. आजार नवा असेल तर एकदा, जुना असेल किंवा कधीचा ते कळत नसेल तर आठवड्याच्या अंतरानं तीनदा. जुनं, स्वस्त औषध आहे, आणि गरोदरपणात बाळापर्यंत पोचून काम करणारं हेच एक भरवशाचं औषध आहे. ते बाळंतपणाच्या किमान महिनाभर आधी मिळायला हवं, म्हणून तपासणी पहिल्या तीन महिन्यांत हवी. नवव्या महिन्यात रिपोर्ट बघून हळहळण्यात अर्थ नाही.

एचआयव्हीचंही तसंच. उपचार नसतील तर आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता 15 ते 45 टक्के असते. आईला वेळेवर गोळ्या सुरू झाल्या आणि बाळालाही औषध मिळालं तर ती 5 टक्क्यांच्या खाली येते. हिपॅटायटिस बी आईला आहे हे आधी माहीत असेल तर बाळाला जन्मल्यापासून 24 तासांच्या आत लस आणि सोबत तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन देता येतं.

तपासणी साधी असते. बोटातून घेतलेला रक्ताचा थेंब एका प्लॅस्टिकच्या पट्टीच्या खळग्यात सोडतात, त्यावर द्रावणाचे एक-दोन थेंब. पंधरा-वीस मिनिटांत रेषा उमटतात. एक रेषा पट्टी नीट चालते आहे हे सांगते, बाकीच्या आजाराबद्दल. एचआयव्ही आणि गरमी दोन्ही एकाच पट्टीवर बघणारे किट आता वापरात आहेत.

सीमाभागात खरी अडचण पट्टीनंतर सुरू होते. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. निपाणीची सून कागलला जाते, खानापूरची चंदगडला. सातव्या-आठव्या महिन्यात ती राज्याची हद्द ओलांडते तेव्हा तिच्या पिशवीत कर्नाटकातलं तायी कार्ड असतं, कन्नडमध्ये भरलेलं. पलीकडच्या दवाखान्यात ते कुणाला वाचता येतंच असं नाही. पेनिसिलिन मिळालं होतं का, किती डोस, कुठल्या तारखांना, नवऱ्यालाही दिलं का, हे त्या कार्डावर नीट नसेल तर बाळ जन्मल्यावर डॉक्टरांना त्याला आजारी धरूनच चालावं लागतं. म्हणून माहेरी निघण्याआधी डॉक्टरांकडून तपासणीचा निकाल, औषधाचं नाव आणि तारखा इंग्रजीत एका कागदावर लिहून घ्या. तीन ओळींचा कागद आहे, पण बाळाच्या इंजेक्शनांचा प्रश्न त्यावर ठरतो.

आणि याच सर्वांत फायद्याच्या तपासणीतला एक मोठा तोटाही सांगितला पाहिजे, कारण तो बायका सोसतात. घरात पहिली तपासणी गरोदर सुनेची होते, म्हणून आजार पहिल्यांदा तिच्या नावावर दिसतो. लगेच "हिनंच आणला" सुरू होतं. तपासणी कुणाची आधी झाली यावरून आजार कुणाकडून आला हे अजिबात ठरत नाही. नवऱ्याची तपासणीच झाली नसेल तर त्याच्याबद्दल कुणालाच काही माहीत नाही, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय फक्त बाईवर उपचार केले आणि नवरा तसाच राहिला तर तिला पुन्हा लागण होते. गरमी निघाली की दोघांची तपासणी आणि दोघांवर उपचार, यात माझ्या मते तडजोड नको. गरोदरपणाच्या पहिल्या भेटीलाच नवऱ्याला सोबत बोलावून दोघांचं रक्त एकदम घेतलं तर बोट दाखवायला जागा कमी उरते.

आकडा काय सांगतो

आता थोडं गणित, कारण सगळा गोंधळ इथंच होतो. समजा एक तपासणी 99 टक्के अचूक आहे. आजार असलेल्या शंभरातल्या 99 जणांना ती पकडते आणि आजार नसलेल्या शंभरातल्या 99 जणांना बरोबर मोकळं सोडते. ऐकायला झकास. ही तपासणी आपण कुणालाही न निवडता 10,000 लोकांवर केली आणि त्यांच्यातल्या 20 जणांना आजार आहे असं धरलं. भारतातल्या प्रौढांत एचआयव्हीचं प्रमाण साधारण तेवढं, म्हणजे 0.2 टक्के आहे. कर्नाटकात ते याहून जास्त आहे.

त्या 20 जणांना तपासणी पकडेल. पण उरलेल्या 9,980 निरोगी लोकांतही एक टक्का चूक होणार, म्हणजे सुमारे 100 जणांचा रिपोर्ट चुकून पॉझिटिव्ह येणार. एकूण पॉझिटिव्ह 120, त्यातले खरे आजारी 20. सहा पॉझिटिव्हमध्ये एक खरा. तपासणी 99 टक्के अचूक असूनसुद्धा!

तीच तपासणी अशा 10,000 लोकांवर करा, ज्यांच्यात आजार 5 टक्के आहे. 500 आजारींपैकी 495 सापडतील, 9,500 निरोगींपैकी 95 चुकून अडकतील. आता सहा पॉझिटिव्हमध्ये पाच खरे. पट्टी तीच, कंपनी तीच, रिपोर्टावरचा शब्दही तोच. बदलली ती फक्त ज्यांना तपासलं ती माणसं.

म्हणून पहिली तपासणी ही तांदूळ चाळण्यासारखी आहे. चाळणीवर राहिलं ते सगळं खडेच असं नाही, हातानं निवडावं लागतं. सरकारी आयसीटीसी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, एचआयव्हीसाठी ही निवड ठरलेली आहे. पहिली पट्टी पॉझिटिव्ह आली तर वेगळ्या तत्त्वावर चालणारी दुसरी, मग तिसरी. वरच्या हिशेबातले 100 चुकीचे पॉझिटिव्ह दुसऱ्या तपासणीत एकावर येतात आणि तिसरीत जवळजवळ संपतात. तिन्ही झाल्याशिवाय कुणालाही एचआयव्ही आहे असं सांगायचं नसतं. बाहेर एखाद्या ठिकाणी एकाच पट्टीवरून पॉझिटिव्ह सांगितलं तर ते अर्धवट उत्तर समजा आणि आयसीटीसीत जाऊन खात्री करून घ्या. तिथली तपासणी मोफत असते.

गरमीच्या व्हीडीआरएल तपासणीतही चुकीचा पॉझिटिव्ह येतो. मलेरिया, कुष्ठरोग, ल्युपससारखे आजार, कधी कधी नुसतं गरोदरपण, एवढंही त्याला पुरतं. टीपीएचएसारखी दुसरी तपासणी जोडल्याशिवाय निदान पक्कं होत नाही. गरोदर बाईच्या बाबतीत मात्र पट्टी पॉझिटिव्ह आली की पेनिसिलिन लगेच देतात आणि खात्री नंतर करतात. उशीर बाळाला महाग पडतो आणि एक जास्तीचं इंजेक्शन त्या मानानं काहीच नाही. तपासणी तीच असून निर्णय वेगळा, कारण तिथं तोलायचं असतं ते वेगळं.

त्याच गणितामुळं ज्यांचा धोका जास्त त्यांनी वारंवार तपासणी करून घेण्यात फायदा मोठा आणि चूक थोडी. एकाहून जास्त जोडीदार असलेले स्त्री-पुरुष, पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष, तृतीयपंथी, देहविक्रय व्यवसायातल्या महिला, सुईनं नशा करणारे. देहविक्रय व्यवसायातल्या महिलांसाठी सरकारी कार्यक्रमात एचआयव्ही आणि गरमीची तपासणी दर सहा महिन्यांनी धरलेली आहे. बेळगाव, बागलकोट, विजयपूर या पट्ट्यानं एचआयव्हीचे वाईट दिवस पाहिलेत. इथली साथ ओसरायला याच महिलांनी एकमेकींना सांगून, हात धरून तपासणीला नेऊन केलेलं काम मोठं आहे. त्यांच्याकडं बोट दाखवणाऱ्यांनी ते विसरू नये.

पॅकेजमधल्या नको त्या ओळी

तपासण्यांच्या पॅकेजची यादी नीट वाचली तर त्यात 'हर्पिस' नावाची ओळ सापडते, म्हणजे गुप्तांगावर फोड आणणारा विषाणू. ज्याला कधी फोड आले नाहीत, त्याच्या रक्तात हर्पिसची प्रतिपिंडं शोधू नयेत, असं अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यगटानं 2016 मध्ये सांगितलं आणि 2023 मध्ये पुन्हा तेच सांगितलं. त्या तपासणीत जवळजवळ दर दोन पॉझिटिव्हमधला एक चुकीचा असू शकतो. शिवाय हर्पिस पूर्ण बरा करणारं औषध नाही आणि त्रासच नसेल तर घ्यायचं काही नसतं. म्हणजे हाती काय येतं? फक्त धास्ती.

युरियाप्लाझ्मा, मायकोप्लाझ्मा होमिनिस ही नावंही अशा याद्यांत असतात. हे जंतू निरोगी माणसांच्या अंगावरही सर्रास राहतात. रिपोर्टात 'डिटेक्टेड' दिसलं की अँटिबायोटिक सुरू होतं, त्याची गरज बहुतेकदा नसते. आणि प्रत्येक अनावश्यक डोस परम्यासारख्या जंतूला आणखी चिवट करतो. परम्यावर एके काळी सिप्रोफ्लॉक्सॅसिनची एक गोळी पुरायची, आज ती भारतात जवळजवळ निकामी झाली आहे.

क्लॅमिडियाचा हिशेब मधला आहे. इंग्लंडमध्ये पंचविशीच्या आतल्या मुलामुलींना, दोघांनाही, सरसकट तपासणी देत होते. 2021 मध्ये त्यांनी धोरण बदललं आणि अशी तपासणी तरुण स्त्रियांपुरती ठेवली, कारण उपचाराविना राहिलेल्या क्लॅमिडियाचं खरं नुकसान स्त्रियांचं होतं. अमेरिकेचा कार्यगटही 24 वर्षांपर्यंतच्या लैंगिक संबंध असलेल्या स्त्रियांना ही तपासणी सुचवतो, पुरुषांसाठी पुरावा अपुरा असल्याचं सांगतो. आपल्याकडं असा कार्यक्रम नाही आणि खाजगी लॅबमधली तपासणी स्वस्त नाही. तरुण वय, नवा जोडीदार, किंवा नवऱ्याला परमा-क्लॅमिडिया निघालेला, अशा बाईनं ती करावी असं मला वाटतं. वीस वर्षं एकमेकांशी एकनिष्ठ असलेल्या जोडप्यानं पॅकेजमध्ये आहे म्हणून करू नये.

गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरला कारण होणारा एचपीव्ही हा विषाणूही संबंधातूनच पसरतो. तरुण वयात तो बहुतेकींच्या अंगातून दोन वर्षांत आपोआप जातो, म्हणून बाविसाव्या वर्षी तो शोधण्यात अर्थ नाही. तिशीनंतर मात्र दर पाच वर्षांनी गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी सरकारी दवाखान्यात करून घ्यावी. ही टाळू नका.

धुपणी म्हणजे गुप्तरोग नव्हे

अंगावरून पांढरं जाणं, ही आपल्या बायकांची सगळ्यात जुनी आणि सगळ्यात दाबून ठेवलेली तक्रार. लॅब जवळ नसेल तिथं सरकारी दवाखान्यात लक्षणं बघून ठरलेल्या रंगाचं औषधाचं पाकीट देतात. जखम किंवा पुरुषाच्या लघवीतला पू, यांसाठी ही पद्धत चांगली चालते, त्याच दिवशी उपचार होतो. धुपणीसाठी ती तितकी भरवशाची नाही. धुपणीचं कारण बऱ्याचदा योनीतल्या नेहमीच्या जंतूंचा तोल बिघडणं किंवा बुरशी असतं, त्यावरून नवऱ्याच्या किंवा तिच्या वागण्याबद्दल काही ठरत नाही. अशा बाईला "नवऱ्यालाही घेऊन ये" म्हटलं की घरी काय होतं ते वेगळं सांगायला नको.

याचं आणखी भयानक टोक म्हणजे "पिशवीला सूज आहे, काढून टाका." बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं मोठ्या संख्येनं काढल्याचं 2019 मध्ये गाजलं आणि महाराष्ट्र सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्याच भागातल्या टोळ्या आपल्याकडच्या कारखान्यांवरही ऊस तोडायला येतात. पांढरं जातं एवढ्यावर पिशवी काढायची नसते. कुणी सुचवलं तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या, मग तो दुसरा डॉक्टर बेळगावला असो की मिरजेला.

संमती आणि गुप्तता

तपासणीचे जे तोटे मी सांगितले त्यातले बरेच जंतूंमुळं होत नाहीत, रिपोर्ट फुटल्यामुळं होतात. एचआयव्ही आणि एड्स कायदा 2017 मध्ये झाला आणि 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. नीट समजावून, तुमची संमती घेतल्याशिवाय एचआयव्हीची तपासणी करता येत नाही. नोकरीसाठी किंवा उपचार देण्यासाठी तिची अट घालता येत नाही. निकाल तुमच्या संमतीशिवाय सासू, भाऊ, मालक यांना सांगता येत नाही. जोडीदाराला सांगण्याबाबत डॉक्टर आणि समुपदेशकांना मर्यादित मुभा आहे, तीही तुमच्याशी बोलल्यावर.

संमती म्हणजे कागदावर सही नव्हे. फॉर्म कन्नडमध्ये आहे, समुपदेशक कन्नडमध्ये बोलतात आणि समोरची बाई घरात फक्त मराठी बोलते, तर तिनं मान हलवली म्हणून तिला समजलं असं होत नाही. मराठीत सांगा असं म्हणायला संकोच करू नका. बेळगाव, निपाणी, खानापूरच्या दवाखान्यांत मराठी येणारं कुणी ना कुणी असतंच. पण अर्थ सांगायला घरच्या माणसाला, विशेषतः सासूला, आत बोलावू नये. नॅकोची, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची, 1097 ही मोफत हेल्पलाइन आहे, तिथं नाव न सांगता विचारता येतं.

लग्नाआधी रिपोर्ट मागण्याची पद्धत आता आपल्याकडंही रुजते आहे. दोघांनी मनानं ठरवलं तर चांगलंच. अट एकच असावी: दोघांचीही तपासणी, आणि निकाल ज्याचा त्याच्या हातात आधी. मुलीकडच्यांनी रिपोर्ट आणायचा आणि मुलाकडच्यांनी तो बैठकीत वाचायचा, याला तपासणी म्हणायला माझं मन घेत नाही.

निगेटिव्हचा अर्थ

पॉझिटिव्हइतकाच निगेटिव्ह रिपोर्टही फसवतो. गोव्यात कामाला असलेला पोरगा असुरक्षित संबंधानंतर तिसऱ्या दिवशी तपासणी करतो, निगेटिव्ह येतं आणि तो निर्धास्त होतो. तिसऱ्या दिवशी काही दिसणारच नसतं. एचआयव्हीची लॅबमधली नवी तपासणी संबंधानंतर दीड महिन्यानं, बोटाच्या रक्तावरची पट्टी तीन महिन्यांनी खात्रीचं उत्तर देते. गरमीसाठीही तीन महिन्यांपर्यंत थांबून पुन्हा बघावं लागतं. तिसऱ्या दिवशी रिपोर्टापेक्षा औषध महत्त्वाचं. संबंधानंतर 72 तासांच्या आत डॉक्टरकडं गेलं तर एचआयव्ही रोखणाऱ्या गोळ्या 28 दिवसांसाठी सुरू करता येतात, जितक्या लवकर तितकं चांगलं. 72 तास उलटले की ही वाट बंद.

उपचारानंतर घाईनं पुन्हा तपासणी करण्यातही असाच घोळ होतो. क्लॅमिडियाचे मेलेले जंतू काही आठवडे तपासणीत दिसत राहतात, म्हणून ती साधारण तीन महिन्यांनी करावी. गरमी पूर्ण बरी झाली तरी टीपीएचए बहुतेकदा जन्मभर पॉझिटिव्ह राहते. उपचार लागू पडले का ते व्हीडीआरएलच्या आकड्यावरून कळतं. रक्त किती पट पातळ केलं तरी तपासणी पॉझिटिव्ह येते, तो हा आकडा. 1:32 वरून 1:8 वर आला म्हणजे चौपट उतरला, औषध लागलं. जुना कागद जपून ठेवला असेल तर दहा वर्षांनी दुसऱ्या एखाद्या दवाखान्यात टीपीएचए पॉझिटिव्ह दिसल्यावर तेच उपचार, तीच चौकशी आणि घरातली तीच भांडणं नव्यानं सुरू होत नाहीत.